वाढत्या अंगाचा

फेब्रुवारीतच शिवून घेतला होता गणवेश,
जूनमध्ये शिलाई वाढते म्हणून.
दिघ्याच्या नाक्यावर इद्रीस मास्तरच्या टपरीत
सम्यकला स्टुलावर उभं केलं
आणि आई म्हणाली,
मास्तर, वाढत्या अंगाचा ठेवा.
मास्तरनं पँटीला आतून चार बोटं दुमड मारली,
बाह्यांना दोन.
म्हणाला, तिसरीपर्यंत बघायला नको,
नुसता टाका उसवायचा.

पप्पा रबाळ्याला रंगाच्या कंपनीत.
त्यांची नखं कायम निळी,
भात कालवतानाही निळी.
लहानपणी मला वाटायचं, बापांची नखं निळीच असतात.
कंपनीला कुलूप लागलं
आणि निळं मुळाकडून सुटत
हळूहळू टोकाकडे सरकलं.
पप्पा रविवारी उंबऱ्यात बसून थोडं थोडं कापायचे.
ऑगस्टात शेवटची निळी कड
पेपरावर पडली.
हात एकदम कुणा दुसऱ्याचे दिसायला लागले.

आई ऐरोलीत चार घरी पोळ्या करायची.
गेटवरच्या वॉचमननं तिच्यासमोर वही मिटली.
एका घरानं एप्रिलचे अर्धे पैसे दिले,
बाकी तिघांनी कळवलं, काळजी घ्या.
घेतली आम्ही.
दुसरं काही घेण्यासारखं नव्हतंच.

खिचडीच्या रांगेत चुन्याची वर्तुळं.
एका वर्तुळात सम्यक, त्याचं पातेलं,
वर एखादं मांजरही मावलं असतं.
तो एकातून दुसऱ्यात उडी मारायचा,
कुणी ओरडलं की पुतळा व्हायचा.
एकदा पुढे तीनच वर्तुळं उरली
आणि डेग खरवडल्याचा आवाज आला.
तो आवाज मी आता लग्नाच्या मांडवातसुद्धा ओळखते,
पंगतीत बसलेली असले तरी उठून बघते.

शाळेतून तांदूळ मिळायचे, मूग मिळायचे,
यादीत त्याचं नाव होतं, पहिली ब.
शाळा म्हणजे फाटक, टेबल आणि वजनकाटा,
एवढीच पाहिली त्यानं.
काट्यावर पिशवीच्या आधी
एकदा तोच चढून बसला.
बाई हसल्या. मग आकडा बघून
त्याला हळूच उतरवलं.

एक गोष्ट घरात कुणाला माहीत नाही.
शेजारच्या गोदाक्कानं एका संध्याकाळी
मला भाकरी दिली, दोघांत खा म्हणाली.
मी टाकीमागे बसून माझी अर्धी खाल्ली.
मग त्याची अर्धी.
मग तोंड धुतलं, ओठ पुसले,
आणि घरी जाऊन त्याच्याशी भांडले,
कशावरून ते आठवत नाही.
अकरा वर्षांची होते.
हे वय मी सांगते खरी,
पण कुणाला सांगते, कळत नाही.

दोन वर्षांनी शाळा उघडली.
आईनं पत्र्याच्या पेटीतून गणवेश काढला,
ब्लेड काढलं, खाकी दोरा ओवून ठेवला.
इद्रीस मास्तर गावी गेला तो गेलाच,
टपरीत आता मोबाईलचे कव्हर मिळतात.
आई म्हणाली, आधी घालून बघू, मग उसवते.

सम्यक उभा राहिला.
आई गुडघ्यावर बसली.
पँट टाचेला बरोबर टेकली होती,
दुमडीसकट.

तिनं कमरेपाशी बोट घालून पाहिलं.
खाली ओढून पाहिली.
त्याला म्हणाली, नीट उभा राहा ना,
तो नीटच उभा होता.
मग म्हणाली, बरं झालं,
उसवायचं काम वाचलं.
सुईतला दोरा तिनं पुन्हा रिळाला गुंडाळला,
फार सावकाश, आणि एवढासाच तर होता.
पप्पा बाहेर जाऊन चपलेचा अंगठा बघत बसले.
चपलेला काही झालं नव्हतं.

संध्याकाळी त्यानं मला सांगितलं,
दारातच बाई म्हणाल्या, बाळा,
पहिलीचा वर्ग तिकडे, जिन्याजवळ.
मग तू काय म्हणालास?
तिसरी ब.
मोठ्यानं म्हणालो, ताई.
अख्ख्या वर्गानं वळून बघितलं.